विजयदुर्ग: हेलियम खरंच इथे सापडला का? (आणि बाकीच्या गजाली)

भटकभवानी
जानेवारीत चार दिवस विजयदुर्गला जायचं ठरतंय. मी, नवरा, आई, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. मुलाला किल्ले म्हटलं की पोटात दुखतं. म्हणून त्याला आमिष दाखवलं की अरे, हा किल्ला म्हणजे 'हेलियमचं पाळणाघर', १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकयर नावाच्या साहेबाने इथून सूर्य पाहिला आणि हेलियम सापडला, किल्ल्यात अजून 'साहेबाचे ओटे' आहेत वगैरे. पठ्ठ्या दोन तासांनी परत आला. "आई, ते ग्रहण बघायला जान्सेन आला होता. फ्रेंच. आणि तो गुंटूरला होता. तुझा लॉकयर कुठून आला?"
मी गप्प. आता तुम्ही सांगा. हेलियमची गोष्ट खरी की थाप? आणि दोन आज्या घेऊन किल्ल्याशिवाय तिथे काय बघता येईल?

कुर्ली
मेल्यांनू, हेलियम ऱ्हवांदे. पयला सांगा, जेवूची सोय खय केल्यात?

सड्यावरची
+१ कुर्ली.
भटकभवानी, माझं माहेर तिथून जवळच. तळेऱ्याला हायवे सोडलात की पन्नासेक किलोमीटर आत. आज्यांना गाडी लागत असेल तर आवळासुपारी हाताशी ठेवा, शेवटच्या टप्प्यात वळणं खूप आहेत. किल्ल्याच्या दारापर्यंत गाडी जाते. पूर्वी किल्ल्याला चारी बाजूंनी पाणी होतं, गावाकडच्या बाजूला खंदक. तो बुजला म्हणून आज चालत आत जाता येतं.

कोकणाभिमानी
हेलियम विजयदुर्गलाच सापडला. दर वर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, लांबून लोक येतात. ते काय सगळे वेडे? आपलं काही चांगलं असलं की आपल्याच माणसांना शंका येते.

तांडेल
कोकणाभिमानी, एकच विचारतो. १८ ऑगस्टला तुम्ही कधी विजयदुर्गात होतात का? आमचं अर्धं आयुष्य त्या धक्क्यावर गेलं. त्या दिवसांत सकाळी वाळत घातलेला पंचा तिसऱ्या दिवशी वास मारतो. सूर्य दिसला तर आमच्याकडे बातमी होते. साहेब दुर्बीण घेऊन ऐन ऑगस्टात आमच्या बंदरावर बसला असेल, तर त्याने फार तर हेलियमऐवजी बुरशी शोधली असेल.

घाटावरचा
😂 बुरशी! सकाळची सभा सुरू असताना हसलो, आता कारण काय सांगू.

ग्रहणग्रस्त
माझा जिव्हाळ्याचा विषय निघाला. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

भटकभवानी, तुमचा मुलगा बरोबर आहे आणि तुम्हीही पूर्ण चूक नाही. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली आहे.

पहिलं १८ ऑगस्ट १८६८ चं. सावलीचा पट्टा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरापर्यंत गेला. जान्सेन गुंटूरला होता. इंग्रजांपैकी लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला होता, म्हणजे घाटाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. तांडेलांचा मुद्दा त्या लोकांनाही कळत होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी पाहिला आणि त्यात एक पिवळी रेघ आढळली. बहुतेकांनी ती सोडियमची धरली. जान्सेनला मात्र त्या रेघेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने झपाटलं. ज्वाळा इतक्या तेजस्वी होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने प्रयत्न केला आणि दिसल्या.

लॉकयर त्या वेळी होता इंग्लंडात. तो स्वतंत्रपणे याच युक्तीमागे होता. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने घरच्या घरी, ग्रहणाशिवाय, ज्वाळांचा वर्णपट मिळवला. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. पुढे फ्रेंच सरकारने भांडण न लावता दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. ती पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघांवर नीट बसत नाही हे लॉकयरने धरून ठेवलं. हे पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य असावं म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. कितीतरी वर्षं लोक त्याला हसले. अखेर १८९५ मध्ये रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाने एका युरेनियमच्या खनिजातून तो वायू बाहेर काढला आणि हसणारे गप्प झाले.

आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८ ला दुसरं खग्रास ग्रहण झालं. या वेळी लॉकयर स्वतः, खरोखर, शरीराने विजयदुर्गला आला. मेल्पोमीन नावाच्या आरमारी जहाजावरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. दुर्बिणींसाठी पक्के ओटे लागतात, ते बांधले. ओटे खरे, साहेब खरा, ग्रहण खरं. फक्त तीस वर्षं चुकली. साहेब विजयदुर्गला उतरला तेव्हा हेलियम बाटलीत बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

घाटावरचा
बाटलीत बंद! ग्रहणग्रस्त, तुम्ही शाळेत शिकवायला हवं होतं.

ग्रहणग्रस्त
शिकवतो. मुलं झोपतात.

कोकणाभिमानी
म्हणजे आमच्या किल्ल्याचं महत्त्व संपलं म्हणा.

जुनेदप्तर
संपतं कसं? हेलियमच्या नादात त्या किल्ल्याच्या खऱ्या गोष्टी झाकून जातात, माझं दुखणं तेच आहे. शिलाहार भोजापासून या जागेची नोंद सांगतात. पुढे आदिलशाही आली, मग शिवाजी महाराज, मग आंग्रे. इंग्रजांच्या दप्तरात याचं नाव घेरिया, शेजारच्या गिर्ये गावावरून पडलेलं. कान्होजींच्या हयातीत इंग्रजांनी इथे येऊन हात पोळून घेतले. तिहेरी तटबंदी, खाडीच्या तोंडावरचं नाक, आणि आत कितीही वारा असला तरी स्वस्थ पडून राहणारं पाणी. ही जागा आरमारासाठी निसर्गानेच आखून दिली आहे.

आणि मग फेब्रुवारी १७५६. हे मुलाला अवश्य सांगा, भटकभवानी. कान्होजी १७२९ ला गेले, मुलांमध्ये फाटाफूट झाली, विजयदुर्गाकडची बाजू तुळाजींकडे आली. तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. नानासाहेबांनी इंग्रजांशी करार केला. १७५५ ला सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी वॉटसन आरमार घेऊन आणि क्लाइव्ह फौज घेऊन विजयदुर्गावर. हाच क्लाइव्ह पुढच्याच वर्षी प्लासीला दिसतो. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले. इकडे इंग्रजांचा एक पेटता गोळा बंदरातल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर पडला. गंमत अशी की ते जहाज मूळचं इंग्रजांचंच, तुळाजींनी धरून आणलेलं. ते पेटलं, दोर जळले, जहाज वाहत जाऊन बाकीच्यांना भिडलं आणि एका संध्याकाळी आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं. किल्ल्यातली दहा लाखांच्या आसपासची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांना किल्ला मिळाला तो बाणकोट देऊन, आणि तोही काही महिन्यांनी.

राऊ_वाडा
आता पेशव्यांना शिव्या सुरू होणार हे दिसतंच होतं. तुळाजी स्वराज्याचीच गलबतं लुटत होते, ते कोण सांगणार?

जुनेदप्तर
मीच सांगतो. लुटत होते. किनाऱ्यावरचे आपलेही व्यापारी त्यांना कंटाळले होते. पण घरचा उंदीर मारायला शेजाऱ्याच्या हातात मशाल दिली आणि वर घरात तोच शिरला, असा हा प्रकार. तुळाजी कैदेतून पुन्हा सुटले नाहीत.

राऊ_वाडा
मराठी आरमार १७५६ ला संपलं हे मात्र मला मान्य नाही. त्याच विजयदुर्गावरून आनंदराव धुळपांनी पुढे सुभा सांभाळला. एप्रिल १७८३ ला इंग्रजांचं रेंजर जहाज धरून आणलं, तेही इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह झाल्यावर. धुळपांचा वाडा गावात आहे.

जुनेदप्तर
हे बरोबर. घेतो शब्द मागे, निम्मे.

चष्मेबहाद्दर
पाण्याखालच्या भिंतीबद्दल कोणीच कसं बोलत नाही? किल्ल्याजवळ समुद्रात महाराजांनी भिंत बांधली, शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटली.

तांडेल
भिंत आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी पाण्यात उतरून पाहिली, सव्वाशे मीटरच्या जवळपास लांब. आमच्यातले जुने लोक त्या बाजूला जाळं टाकताना जपून असायचे, अडकतं म्हणून. पण किती जहाजं फुटली, कोणाची फुटली, हे विचारलं की सांगणारा "असं म्हणतात" म्हणतो. वॉटसनची जहाजं किल्ल्याच्या उत्तरेने सरळ खाडीत शिरली होती. भिंत त्या वाटेवर नाही. म्हणजे एक दार पक्कं लावलेलं आणि दुसरं सताड उघडं.

चष्मेबहाद्दर
दुसऱ्या दारावर तोफा होत्या ना. भिंत कशाला हवी?

तांडेल
हा मुद्दा पटला. (लिहून ठेवा, मी क्वचित म्हणतो.)

सड्यावरची
इतिहासवाल्यांनो, जरा सरका. बाईंनी आज्यांना काय दाखवायचं तेही विचारलंय.

गिर्येचं रामेश्वर मंदिर चुकवू नका. वरून काहीच दिसत नाही, नुसता सडा आणि झाडं. मग जांभा कापून काढलेली वाट सुरू होते आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वाढत जातात. भर दुपारीही त्या वाटेत गारवा असतो. चिऱ्याला हात लावलात तर छिद्राछिद्रांतून ओल जाणवते, पावसाळ्यात तर तिथे नेचे लोंबतात. शेवटी एकदम खाली देऊळ. माझी आजी त्या वाटेत शिरली की बोलायची थांबायची. तिला थांबवणारी दुसरी गोष्ट मी पाहिलेली नाही.

सड्याबद्दल: जानेवारीत तो काळा कातळ, भाजलेल्या भाकरीसारखा. बघणाऱ्याला वाटतं ओसाड माळ. हाच सडा भाद्रपदात बघावा. बोटभर मातीत सीतेची आसवं, तेरडा, पांढरे गेंद, पायाखाली जागा नाही. सीतेची आसवं कीटक खाते, हे तुमच्या लेकाला सांगा, इतिहासापेक्षा जास्त आवडेल. जानेवारीत तुम्हाला मोहोर मिळेल मात्र. कलमांच्या बागेतून संध्याकाळी जाताना तो वास अंगावर येतो, गोडसर आणि किंचित उग्र.

घाटावरचा
सडा म्हणजे अंगणात घालतात तो नव्हे ना? 🙈

सड्यावरची
तो शेणाचा. हा जांभ्याचा. पुण्याचे का?

घाटावरचा
सातारा. पण अपमान पोचला.

कोकणाभिमानी
याच सड्यांना सरकारी कागदांवर पडीक जमीन म्हणतात. म्हणून आधी गिर्येला औष्णिक वीज प्रकल्प आणायला निघाले, मग नाणारच्या रिफायनरीच्या यादीत गिर्ये आणि रामेश्वर. दोन्ही वेळा आंबेवाले आणि मच्छीमार उभे राहिले म्हणून वाचलो.

हापूस_हाफटाइम
वाचलात आणि पोरं मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत. गावात रोजगार काय, होमस्टेच्या चादरी धुणं?

कोकणाभिमानी
खाडी मेली तर चादरीही धुवायला कोणी येणार नाही.

संपादक मंडळ
रिफायनरीवर स्वतंत्र धागे आहेत, तीनशे-तीनशे प्रतिसादांचे. इथे विजयदुर्ग.

वेंगुर्ल्याची_मावशी
हा धागा वाचून माझी आत्या आठवली. माहेर वेंगुर्ला, दिलेली विजयदुर्गाकडे. तेव्हा किनाऱ्याने बोटी चालायच्या, मुंबई ते पणजी, पावसाळ्यात बंद. आत्या वेंगुर्ल्याहून पडावात बसून बोटीवर चढायची. पडाव खाली-वर, बोटीची शिडी खाली-वर, आणि दोघांचं जमेल त्या क्षणी खलाशी हाताला धरून वर ओढायचा. कडेवर मूल, हातात फणसाच्या साटांचा डबा. तिला बोट फार लागायची. लिंबू हुंगत डोळे मिटून पडून असायची. पण म्हणायची, विजयदुर्ग आलं की मला कोणी सांगावं लागायचं नाही. बोट खाडीत वळली की एकदम हलायची थांबायची, पोटातलं ढवळणं बसायचं आणि मी उठून केस विंचरायचे.
जुनेदप्तर यांनी वर "स्वस्थ पाणी" लिहिलंय ना, ते हे.

तांडेल
मावशी, लाख बोललात. वादळाची बावटी लागली की आजही कुठले कुठले ट्रॉलर आमच्या खाडीत येऊन थांबतात. वाघोटन म्हणजे आमची ही खाडी, तिच्या तोंडाला वाळूचा दांडा नाही. दुसऱ्या खाड्यांत भरतीची वाट बघत बाहेर झुलावं लागतं, इथे नाही.

जुनेदप्तर
म्हणूनच आंग्र्यांची गोदी इथे. खाडीत दोन-तीन किलोमीटर आत, गिर्येच्या बाजूला. साधारण १०९ मीटर लांब, ७० मीटर रुंद. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की बुडाचं काम करायचं. आज चिखल आणि तिवरं. माझ्या मते किल्ल्याइतकीच ही जागा महत्त्वाची आहे आणि दहा पर्यटकांपैकी नऊ तिथे जात नाहीत.

चष्मेबहाद्दर
भरतीची वेळ कशी कळणार? ॲप सांगाल का एखादं?

तांडेल
कालनिर्णय. तिथी बघा, पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाच्या सुमारास भरती पूर्ण. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. गोदी बघायची तर सुकतीला जा. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा सुकतीला खाडीचा तळ उघडा पडतो आणि बायका कोयती घेऊन कालवं काढायला उतरतात. एक-दोन दगड फोडून बघा म्हणावं लेकाला. बोटं शाबूत राहिली तर हुशार.

कुर्ली
आता खऱ्या मुद्द्यावर इलात.

हापूस_हाफटाइम
किल्ल्याची अवस्था कशी आहे? २०२० च्या पावसात तटाचा भाग ढासळल्याचे फोटो पाहिले होते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात विजयदुर्गही. आता दगड आपोआप चिकटतील का?

सड्यावरची
आपोआप नाही चिकटणार, पण लाटा यादी बघून थांबतही नाहीत. पायथ्याला लाट सारखी आदळते, सांध्यातला चुना धुतला जातो, वरून झाडांची मुळं पाचर मारतात. पिंपळाचं रोप बोटाएवढं असताना उपटलं तर एक माणूस पुरतो. आम्ही शाळेत असताना मास्तर आम्हाला न्यायचे उपटायला. तेव्हा कंटाळा यायचा.

भटकभवानी
मंडळी, जाऊन आलो. वृत्तांत देणं लागते.

आईला रामेश्वराची वाट आवडली, सासूबाईंना मोहोर. गोदीवर सुकतीला गेलो (पाऊणपट केलं, बरोबर आलं!). चिखलात नवऱ्याची एक चप्पल आंग्र्यांच्या चरणी अर्पण झाली. जिथे उतरलो तिथे पहिल्या दिवशी आम्हाला पनीर वाढलं, समुद्रापासून दोनशे पावलांवर. नाव घेत नाही. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकूंकडे जेवलो, तिसऱ्यांची (शिंपल्यांची) आमटी आणि भात. कुर्ली, तुमची आठवण काढली.

ओट्यांपाशी एक गाइड दुसऱ्या एका कुटुंबाला १८६८, हेलियम, लॉकयर सांगत होता. चिरंजीव शेजारी उभे. मी मनात म्हटलं, आता हा तोंड उघडणार. उघडलंच. "काका, ते १८९८. जानेवारी. ऑगस्टमध्ये इथे पाऊस असतो." गाइड दोन क्षण थांबला, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्या माका आजपर्यंत कोणी इचारूक नाय."
मग त्याने मुलालाच पुढे केलं, सांग म्हणाला सगळ्यांना. त्याने सांगितलं. बाटलीत बंदसकट.

ग्रहणग्रस्त
त्याला माझ्या वर्गात पाठवा. झोपला तरी चालेल.

कोकणाभिमानी
ठीक आहे, १८९८ तर १८९८. पण हेलियम शोधणारा माणूस आमच्याकडे आला होता ना? मग दिन २२ जानेवारीला करू. हवा तरी बरी असते.

तांडेल
हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला असतात तर मी बुरशीपर्यंत गेलो नसतो.

कुर्ली
काकूंचो नंबर व्यनि करा.